घरचा संगणक आतून-बाहेरून

घरच्या संगणकाचे डोळ्यांना दिसणारे भाग चारच: मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि या सगळ्यांच्या वायरी जिथे जाऊन मिळतात तो पत्र्याचा डबा. या डब्याला बोलीत सर्रास 'सीपीयू' म्हणतात. प्रत्यक्षात सीपीयू ही डब्याच्या आत बसवलेली, बिस्किटाएवढी चिप आहे. डब्याचे नाव कॅबिनेट. नावाची ही गल्लत वरवर निरुपद्रवी वाटते, पण 'सीपीयू बिघडला' एवढेच सांगून संगणक दुरुस्तीला दिला की बिघाड वायरीत आहे, वीज पुरवणाऱ्या भागात आहे की खुद्द महागड्या चिपमध्ये आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. भागांची नावे शिकायची ती यासाठी.

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढच्या काळात चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव अशा तालुक्याच्या गावांमधून संगणकाचे वर्ग उभे राहिले. बुलढाणा जिल्ह्यातल्या अनेक घरांचा संगणकाशी पहिला परिचय तिथेच झाला. मात्र परीक्षेपुरते पाठ केलेले नाव आणि डब्यात दिसणारी वस्तू यांची गाठ पडतेच असे नाही. ती घालण्याचा एक सोपा मार्ग आहे: कीबोर्डवर एक शब्द उमटवायचा आणि तो आत कुठेकुठे जातो ते पाहत जायचे. शब्द 'बुलढाणा' हाच घेऊ.

कीबोर्डवरची कळ दाबली की आत अक्षर जात नाही, कळेचा क्रमांक जातो. कळफलकाखाली तारांचे उभे-आडवे जाळे असते. कळ दाबताच एक उभी आणि एक आडवी तार एकमेकींना टेकतात. कीबोर्डमधली लहानशी चिप हे जाळे सतत तपासत असते आणि कोणत्या जागी जोड झाला ते संगणकाला कळवते. त्या जागेला इंग्रजी 'वाय' म्हणायचे की मराठी 'ब', हे संगणक चालवणारी प्रणाली (जसे विंडोज) ठरवते. म्हणून मराठी लिहिण्यासाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही, नेहमीचाच चालतो. फक्त सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडावी लागते.

मराठी टंकलेखनाची जी मांडणी भारत सरकारने प्रमाण मानली तिचे नाव इन्स्क्रिप्ट. तिच्यात बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. तीत 'बुलढाणा' लिहायला सात ठोके लागतात: 'वाय'वर ब, 'जी'वर उकार, 'एन'वर ल, शिफ्ट धरून चौकटी कंसाच्या कळेवर ढ, 'ई'वर काना, शिफ्ट धरून 'सी'वर ण आणि पुन्हा 'ई'वर काना. 'शेगाव'ला पाचच. ही मांडणी गुजराती, तेलुगू, बंगाली अशा इतर भारतीय लिप्यांनाही तीच आहे. क ज्या कळेवर मराठीत, त्याच कळेवर तेलुगूत. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची सोय आज बहुतेकांना जवळची वाटते आणि तिने काम भागतेही. पण ज्याला रोज पानभर मराठी लिहायचे आहे त्याने पंधरा दिवस इन्स्क्रिप्टला द्यावेत. मराठी शब्द मराठी वळणानेच बोटांत बसतो.

कळेच्या क्रमांकावरून अक्षर ठरले की त्या अक्षरालाही एक क्रमांक मिळतो. जगातल्या सर्व लिप्यांसाठी ठरवलेल्या या क्रमांकपद्धतीला युनिकोड म्हणतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. त्यात 'ब'चा क्रमांक २३४८ आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी शिवाजी, कृतीदेव यांसारख्या फाँटमध्ये लिहिलेली जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, त्याचे कारण इथेच आहे. त्या फाँटनी रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवले होते. फाँट नसला की आकार जातो आणि खालचे मूळ अक्षर उघडे पडते. फाइल बिघडलेली नसते.

माऊसचे काम याहून सोपे. डग्लस एंगलबार्ट यांनी १९६८ साली अमेरिकेत जो माऊस लोकांसमोर चालवून दाखवला त्याखाली चाके होती. आजच्या माऊसखाली दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची छायाचित्रे सेकंदाला हजाराहून अधिक वेळा घेतो आणि एका चित्रातून दुसऱ्यात काय सरकले यावरून हालचाल ओळखतो. काचेच्या टेबलावर त्याला टिपण्यासारखे काही सापडत नाही म्हणून बाण अडखळतो. खाली साधा कागद ठेवला की पुरते.

कीबोर्डची वायर डब्याच्या मागच्या खाचेत जाते. ती खाच आतल्या एका मोठ्या पाटीवर बसवलेली असते. ही पाटी म्हणजे मदरबोर्ड. संगणकाचा एकही भाग असा नाही की जो तिला जोडलेला नाही. पाटीवरच्या बारीक रेषा म्हणजे तांब्याचे रस्ते असून सगळी ये-जा त्यांवरून होते. पाटीवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. संगणकाची वीज पूर्ण बंद असतानाही घड्याळ चालू राहते ते तिच्यामुळे. संगणक रोज सुरू करताना तारीख भलतीच दाखवू लागला, बँकेची किंवा सातबाऱ्याची संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' म्हणून उघडेनाशी झाली, तर आधी ही तीन व्होल्टची बॅटरी बदलून पाहावी. साध्या दुकानात मिळणारी ती वस्तू आहे.

आता संगणक समजण्याची खरी किल्ली असलेला भाग, म्हणजे स्मृती. नवशिक्याची सर्वांत मोठी चूक इथे होते, कारण संगणकात स्मृती दोन प्रकारची असते आणि दोन्हींचे माप 'जीबी'तच सांगितले जाते.

शेतकऱ्याच्या घरात हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीनची सोंगणी झाली की माल खळ्यात येतो. खळे मोकळे आणि मोठे असेल तर काम भरभर होते, लहान असेल तर माल थोडा थोडा आणावा लागतो. पण खळ्यात माल ठेवत नाहीत. काम झाले की तो पोत्यात भरून घरात नेतात. मधेच अवकाळी पाऊस आला तर उघड्यावरचे भिजते, घरात नेलेले वाचते. संगणकाचे खळे म्हणजे रॅम, आणि घरातले कोठार म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. 'बुलढाणा' ही सात अक्षरचिन्हे टाइप केली की ती रॅममध्ये येतात. 'सेव्ह' केले की त्यांची प्रत डिस्कवर जाते. त्याआधी लाईट गेली तर ती गेलीच.

रॅमला वीज गेल्यावर काही आठवत नाही, यामागे तिची रचना आहे. तिच्या प्रत्येक कप्प्यात विजेचा अतिसूक्ष्म साठा असतो आणि तो गळक्या रांजणासारखा सतत झिरपत असतो. भरलेला रांजण म्हणजे १, रिकामा म्हणजे ०. गळती भरून काढण्यासाठी सगळे कप्पे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा वाचून पुन्हा भरावे लागतात. वीज थांबली की हे भरणे थांबते. मग रॅम वापरायचीच कशाला? कारण ती अतिशय वेगवान आहे आणि प्रोसेसरला माल हाताशी लागतो.

या ० किंवा १ला बिट म्हणतात, आठ बिटांचा एक बाइट. साधारण हजार बाइटांचा एक केबी, हजार केबींचा एमबी, हजार एमबींचा जीबी आणि हजार जीबींचा टीबी. युनिकोडमधले मराठी अक्षरचिन्ह फाइलमध्ये साधारणपणे तीन बाइट जागा घेते, म्हणजे 'बुलढाणा'ला २१ बाइट झाले. तीनशे पानांचे मराठी पुस्तक, चित्रे वगळली तर, दीड-दोन एमबीत मावते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यरत झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याच्या मुख्य स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने १० केबी. या प्रकरणाचा निम्मा मजकूरही तिच्यात मावला नसता. आज घरगुती संगणकात ८ जीबी रॅम असते, म्हणजे टिफरॅकच्या आठ लाखपट. अर्ज भरणे, हिशेब, अभ्यास, व्हिडिओ पाहणे एवढ्याला ८ जीबी पुरते. चार जीबीत आजच्या प्रणालीची दमछाक होते.

कोठाराचे दोन प्रकार. जुनी हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय मुलामा दिलेल्या चकत्या. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारतात आणि त्यांच्या पृष्ठभागालगत, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावरून, वाचणारे टोक तरंगत जाते. म्हणून चालू संगणकाचा डबा उचलून दुसऱ्या खोलीत नेणे धोक्याचे. टोक चकतीला घासले की तिथली माहिती कायमची गेली. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५ एमबी मावत, म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. दुसरा प्रकार एसएसडी. हिच्यात फिरणारे काही नाही, सगळे चिपवर. ती वेगवान आहे, धक्का सोसते, वीजही कमी खाते. जुना संगणक रेंगाळत असेल तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी बसवून पाहावी. एका भागाच्या खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

डिस्क घेताना एक शंका हमखास येते. खोक्यावर १ टीबी लिहिलेले असते आणि संगणक ९३१ जीबीच दाखवतो. यात कोणी फसवलेले नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, तर विंडोज प्रणाली १,०२४च्या पटीत. माल तेवढाच, पायली वेगळी.

रॅममधून काम प्रोसेसरकडे जाते. सीपीयू तो हाच. तो एकेक सूचना उचलतो, तिचा अर्थ लावतो, बेरीज-वजाबाकी किंवा तुलना करतो आणि उत्तर परत ठेवतो. याहून अवघड असे तो काहीच करत नाही. फक्त ते कमालीच्या वेगाने करतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. 'चार कोअर', 'सहा कोअर' असे जे सांगतात, ते एकाच चिपमधले चार किंवा सहा कामकरी होत. अनेक प्रोसेसरांत काम वाटून घेण्याची ही युक्ती महाराष्ट्राला परकी नाही. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडचणी आल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि तिने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यात ६४ प्रोसेसर एकत्र राबत. त्या कामाचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे बुलढाण्याशेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

प्रोसेसरचे उत्तर चित्राच्या रूपाने मॉनिटरवर येते. नेहमीच्या मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपका लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन कणांचा. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवून पाहिले तर हे तिन्ही रंग दिसतात. सेकंदाला साठ वेळा हे सगळे ठिपके नव्याने रंगवले जातात. 'बुलढाणा' पडद्यावर दिसतो तो असा. प्रिंटर, स्पीकर, कॅमेरा हे घरच्या गरजेप्रमाणे नंतर जोडायचे भाग. पेनड्राइव्ह म्हणजे खिशात मावणारे लहान कोठार. महत्त्वाच्या फाइलची एकमेव प्रत त्यावर ठेवू नये.

यंत्राचे भाग जगात सगळीकडे सारखे असले तरी ते कशाने बिघडतात हे प्रदेशावर ठरते. बुलढाणा जिल्ह्यात त्यांना तीन गोष्टींशी झुंजावे लागते: वीज, ऊन आणि धूळ.

घरातली वीज २३० व्होल्टची आणि दिशा बदलणारी. चिपला हवी असते १२, ५ किंवा ३.३ व्होल्टची, एकाच दिशेची. हा बदल डब्यातला एसएमपीएस करतो. मागच्या बाजूला जिथे वीजवायर खोचतात ती पेटी म्हणजे एसएमपीएस. व्होल्टेजचा चढउतार सर्वांत आधी तोच सोसतो आणि पुष्कळदा तोच आधी जळतो. ही पेटी घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

लाईट जाण्यावरचा उपाय म्हणजे यूपीएस. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-तास. संगणक आणि मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॉट खात असतील तर हिशेबाने पाऊण तास भरतो. पण बॅटरीतून इतक्या घाईने वीज ओढली की ती पुरती मिळत नाही आणि वयानुसार आणखी घटते. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटे धरावीत. ती काम चालू ठेवण्यासाठी नसतात, सेव्ह करून संगणक नीट बंद करण्यासाठी असतात. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. त्याला क्षणभर लागणारा भार या लहान यंत्राला झेपत नाही.

डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घरात अर्थिंग नाही किंवा ते निकामी झाले आहे असे समजावे. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. तिथे अधूनमधून पाणी घालावे, तेवढ्याने न भागल्यास वायरमनला बोलवावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटात घालण्याची सवय संगणकासाठी आणि माणसासाठीही घातक आहे. मृगाच्या पावसात विजा चमकू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवावीत.

उन्हाचे गणित घाटावर आणि घाटाखाली वेगळे पडते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्याचा सखल भाग. तिथे मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. प्रोसेसरवर धातूच्या पट्ट्यांचा एक ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. पंखा थंडी निर्माण करत नाही, चिपची उष्णता खोलीच्या हवेत ढकलतो. खोलीची हवा पंचविसाऐवजी पंचेचाळीस अंश असेल तर चिपही साधारण तेवढेच वीस अंश अधिक तापते. फार तापली की ती आपला वेग आपणच कमी करते, आणि तरीही भागले नाही तर संगणक अचानक बंद होतो. दुपारी संगणक मंद, रात्री ठीक, अशी तक्रार असेल तर व्हायरस शोधण्याआधी पंखा पाहावा.

विदर्भातल्या घरात उन्हाळा म्हटला की कूलर आलाच. त्याच्या झोतात बसून काम करणे सुखाचे असले तरी डबा त्या झोतात ठेवू नये. ओल आणि धूळ एकत्र आली की पंख्याच्या पात्यांवर आणि पट्ट्यांत चिखलाचा थर बसतो. डबा भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून उंच आणि कूलरच्या बाजूला, समोर नको. जिनिंगजवळच्या वस्तीत कापसाची सूक्ष्म पूड हवेत तरंगते आणि जाळीवर पिंजल्यासारखी साचते. तिथे डबा दर दोन-तीन महिन्यांनी साफ करावा, एरवी वर्षातून दोनदा पुरे. प्लग काढून, मऊ कोरड्या ब्रशने, पंखा बोटाने धरून. ओले फडके आत नेऊ नये.

संगणक सुरूच होत नसेल तर तपासणी भिंतीपासून आत जात करावी. सॉकेटात वीज आहे का, यूपीएसचा दिवा लागतो का, एसएमपीएसच्या मागचे बटण दाबलेले आहे का. पंखा फिरतो पण पडदा काळा आहे, तर मॉनिटरची वायर दोन्ही टोकांनी घट्ट बसवावी. डबा पिकपिक आवाज करत असेल तर बहुधा रॅमची पट्टी सैल झालेली असते. प्लग काढून पट्टी उपसावी, तिची सोनेरी किनार खोडरबराने हलक्या हाताने पुसावी आणि खटका बसेपर्यंत पुन्हा दाबावी. कंपनीचा लोगो दिसतो पण पुढे काही येत नाही, तर संशय डिस्कवर किंवा तिच्यातल्या प्रणालीवर घ्यावा. आणि पंखाही फिरत नाही, दिवाही लागत नाही, सॉकेट मात्र ठीक आहे, अशा वेळी एसएमपीएस तपासून घ्यावा. तेव्हा दुकानात सगळा संसार न्यायची गरज नसते. मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस घरीच ठेवून फक्त डबा आणि त्याची वीजवायर न्यावी. बाकीचे भाग दुरुस्तीच्या टेबलावर आधीच जोडून ठेवलेले असतात.